उंबरठ्याबाहेरची पुस्तके
(शताब्दी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथालयाच्या वैभवाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दुर्मिळ पोथ्या, ज्ञानकोशाचे खंड, जुन्या नियतकालिकांच्या बांधीव फायली यांच्याकडे बोट दाखवून ‘हे आमचे धन’ असे म्हणण्याचा अधिकार शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेला निश्चितच आहे. परंतु प्रत्येक जुन्या ग्रंथालयात आणखी एक कपाट असते. त्यातील पुस्तकांचे पुठ्ठे निखळलेले असतात, पानांचे कोपरे मुडपलेले असतात, बांधणी दोनदा-तीनदा झालेली असते. देवघेवीच्या खिडकीवर सर्वाधिक मागणी त्या पुस्तकांना असते आणि वार्षिक अहवालात मात्र त्यांचा नामोल्लेखही सापडत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हे दुसरे कपाट आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण मात्र दूरदेशीचे आणि प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल असे आहे. रात्रीच्या वेळी गुन्ह्यांचा तपास करणारा रक्तपिपासू पिशाच, म्हणजे इंग्रजीतला व्हँपायर, हा ज्यांचा नायक आहे अशा दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत आणि कॅनडात झाल्या आणि त्यांवर बेतलेल्या कादंबऱ्याही निघाल्या. मालिकेच्या आश्रयाने वाढलेल्या या वाङ्मयाला ‘मालिकाश्रित कादंबरी’ म्हणता येईल. समीक्षेच्या पंगतीत तिचे पान सहसा मांडले जात नाही. भूतकथा, गुप्तहेरकथा आणि दूरचित्रवाणी ही तिन्ही नावे एकाच वेळी कपाळावर घेऊन आलेले पुस्तक कोण जवळ करणार? पण म्हणूनच हे टोकाचे उदाहरण उपयोगाचे आहे. अशा पुस्तकाला न्याय देता आला, तर त्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या पुष्कळ पुस्तकांना तो आपोआप मिळतो.

गुप्तहेर आणि व्हँपायर हे दोघे मुळात एकमेकांचे विरोधक. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. ती रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून सांगितलेली आहे. एखाद्या तपास अधिकाऱ्याने पुराव्याचे कागद क्रमवार लावावेत, तशीच तिची मांडणी आहे. तेथे तपास करणारी माणसे एका बाजूला आणि व्हँपायर दुसऱ्या बाजूला उभा होता. पुढे १९२४ साली आर्थर कॉनन डॉइल यांनी ससेक्समधील व्हँपायरची कथा लिहिली. तीत एका आईवर आपल्याच तान्ह्या मुलाचे रक्त शोषल्याचा संशय येतो. शेरलॉक होम्स प्रथमपासूनच पिशाचाची कल्पना झिडकारतो आणि ती माता बाळाच्या मानेतील विष शोषून काढत होती, हे उघडकीस आणतो. तर्क आला की पिशाच पळाले, असा हा सरळ हिशेब होता. या दोन शत्रूंना एकाच देहात नांदवणे हे काम पुढे दूरचित्रवाणीने केले.

मराठी वाचकाला ही सृष्टी अगदीच परकी नाही. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळपंचविशीतील निवडक कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळासाठी ‘व्हँपायर’ हाच शब्द योजला. हा पर्याय अचूक नव्हता. कोकणात आणि गोमंतकात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. त्याच्या मूर्तीपुढे माणसे नवस बोलतात. तरीही बर्टन यांची ही चूक सूचक आहे. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून एकेक प्रकरण मांडतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि राजाला निवाडा करावा लागतो. पिशाच आणि कोडे यांची सोयरीक आपल्याकडे अशी फार जुनी आहे. अलीकडच्या काळात नारायण धारप यांनी ‘लुचाई’ या कादंबरीत पाश्चात्त्य व्हँपायरला मराठी वेष दिला. तिचा आधार स्टीफन किंग यांची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी होता. ग्रंथालयांच्या देवघेवीतून धारपांची पुस्तके घेऊन गेलेल्या वाचकाला आजचा विषय सहज उमजेल.

अमेरिकेत या प्रकाराचा आरंभ १९६६ साली झालेला दिसतो. त्या वर्षी ‘डार्क शॅडोज’ नावाची मालिका सुरू झाली. ती दुपारच्या वेळी, आठवड्यातून पाच दिवस दाखवली जाई आणि १९७१ पर्यंत चालली. १९६७ मध्ये तीत बार्नाबस कॉलिन्स नावाचा व्हँपायर अवतरला आणि मालिकेचे नशीब पालटले. या मालिकेवरील तीसहून अधिक स्वस्त कादंबऱ्या ‘मेरिलिन रॉस’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. प्रत्यक्षात त्यांचा लेखक कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील डॅन रॉस हा गृहस्थ होता. मेरिलिन हे त्याच्या पत्नीचे नाव. त्या काळी अशा गूढरम्य कादंबऱ्या स्त्रीच्या नावाने अधिक खपत. रॉस यांची कथानके मालिकेपासून पुष्कळ दूर भटकत आणि वाचकांना त्याची खंत नसे. पडद्यावर दिसणाऱ्या वाड्यात त्यांना आणखी थोडा वेळ राहायचे होते. तेवढी सोय ही पुस्तके करत.

दुसरे उदाहरण १९७२ सालचे. लास व्हेगास शहरात रात्री होणाऱ्या खुनांचा माग काढणाऱ्या कोलचॅक नावाच्या बातमीदारावर ‘द नाइट स्टॉकर’ हा दूरचित्रवाणीपट त्या वर्षी प्रक्षेपित झाला. येथे तपास करणारा माणूसच आहे आणि गुन्हेगार व्हँपायर आहे. या पटाचे मूळ जेफ राइस यांच्या एका कादंबरीत होते. मात्र तिला तोवर प्रकाशक मिळाला नव्हता. चित्रपट गाजल्यावर १९७३ साली ती छापली गेली. ज्या पुस्तकातून चित्र जन्मले, तेच पुस्तक चित्राचे अपत्य म्हणून बाजारात आले. पुढच्याच चित्रपटाच्या बाबतीत क्रम उलटला. रिचर्ड मॅथेसन यांच्या पटकथेवरून राइस यांनी कादंबरी लिहिली. मूळ कोणते आणि छाया कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो, याची ही साक्ष आहे.

खऱ्या अर्थाने व्हँपायर-गुप्तहेर अवतरला तो १९९२ साली, ‘फॉरएव्हर नाइट’ या मालिकेत. १९८९ च्या एका दूरचित्रवाणीपटातून ती उदयाला आली होती. तिचा नायक निक नाइट हा तेराव्या शतकातील सरदार. १२२८ साली व्हँपायर झालेला आणि आता टोरांटो शहराच्या पोलीस दलात खुनांच्या तपासाचे काम करणारा. सूर्यप्रकाश सोसत नाही हा त्वचेचा विकार असल्याचे सांगून त्याने कायमची रात्रपाळी पत्करली आहे. माणसाचे रक्त त्याने सोडले आहे; बाटलीत भरून ठेवलेल्या गाईच्या रक्तावर तो गुजराण करतो. १९६२ सालची त्याची कॅडिलॅक मोटार त्याला प्रिय आहे, कारण तिची मागची डिकी प्रशस्त आहे आणि अवचित उजाडले तर तीत लपता येते. शवचिकित्सा करणारी डॉक्टर नॅटली लॅम्बर्ट ही त्याचे गुपित जाणते आणि त्याला पुन्हा मनुष्यत्व मिळावे म्हणून औषध शोधत राहते. त्याला व्हँपायर करणारा गुरू लाक्रुआ हा रोमन सेनानी. व्हेसूव्हियसच्या उद्रेकात, इसवी सन ७९ मध्ये, त्याचे हे दुसरे जीवन सुरू झाले. शिष्याला मनुष्यत्वाची ओढ लागावी हे त्याला मान्य नाही. ही मालिका तीन पर्वांची, सत्तर भागांची; १९९६ साली ती संपली, आणि शेवटच्या भागात नायक-नायिकेचा अंत सुचवून संपली.

दुसरी मालिका ‘एंजल’. ती ऑक्टोबर १९९९ ते मे २००४ या काळात लॉस एंजेलिसच्या पार्श्वभूमीवर एकशे दहा भागांत प्रक्षेपित झाली. जॉस व्हीडन आणि डेव्हिड ग्रीनवॉल्ट हे तिचे निर्माते. आयर्लंडमधील गॉलवे येथे १७२७ साली जन्मलेला एक उनाड तरुण १७५३ मध्ये व्हँपायर होतो, दीडशे वर्षे अनन्वित क्रौर्य करतो आणि १८९८ साली एका रोमानी टोळीच्या शापाने त्याचा आत्मा त्याला परत मिळतो. शाप तो हाच. आत्मा परत आल्याने केलेले प्रत्येक पाप त्याला आठवू लागते. पुढे तो लॉस एंजेलिसमध्ये एक लहानशी तपाससंस्था थाटतो आणि ज्यांना कोणी वाली नाही त्यांची प्रकरणे हाती घेतो.

मराठी श्रोत्याला येथे वाल्या कोळी आठवल्यावाचून राहणार नाही. प्रत्येक हत्येसाठी रांजणात एक खडा टाकणारा तो वाल्या. नामस्मरणाने त्याचा वाल्मीकी झाला. एंजलला अशी सुटका नाही. त्याने जणू आपल्या रांजणातील खडे एकेक करून बाहेर काढून मोजायचे आहेत. होम्ससारखा गुप्तहेर गुन्ह्याच्या बाहेर उभा राहून बोट दाखवतो. व्हँपायर-गुप्तहेराला तसे करता येत नाही. खुन्याचे मन त्याला कळते, कारण ते त्याचेच जुने मन आहे. प्रत्येक तपास हा त्याच्यापुरता कबुलीजबाब ठरतो. म्हणून हा नायक दिसतो तितका पोरकट नाही.

आता कादंबऱ्यांकडे वळू. ‘फॉरएव्हर नाइट’वर बुलेव्हार्ड या प्रकाशनाने १९९७ साली तीन कादंबऱ्या काढल्या. सुसन साइझमोर यांची ‘अ स्टरिंग ऑफ डस्ट’, सुसन गॅरेट यांची ‘इंटिमेशन्स ऑफ मॉर्टॅलिटी’ आणि अ‍ॅन हॅथवे-नेन यांची ‘दीज अवर रेव्हल्स’. यांतील दुसऱ्या नावात वर्डस्वर्थच्या अमरत्वविषयक प्रसिद्ध कवितेचे शीर्षक उलटवून मर्त्यतेकडे वळवले आहे आणि तिसऱ्यात शेक्सपिअरच्या ‘द टेंपेस्ट’चे स्मरण आहे. मर्त्य होऊ पाहणाऱ्या अमर नायकाला ही नावे किती चपखल बसतात हे वेगळे सांगायला नको. स्टेशनावरच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांनाही पूर्वसूरींची आठवण असते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

या तिन्ही कादंबऱ्यांचे वर्ष महत्त्वाचे आहे. मालिका १९९६ मध्ये संपली. पुस्तके त्यानंतर आली. पडद्यावर ज्याचा शेवट झाला होता, तो नायक कागदावर पुन्हा रात्रपाळीला हजर झाला. आवडत्या माणसाच्या जाण्यानंतर त्याची जुनी पत्रे हाती लागावीत, तसा हा अनुभव त्या वाचकांना आला असला पाहिजे. मालिका हे निर्मात्याचे आणि वाहिनीचे आर्थिक गणित असते. ते चुकले की दिवा मालवला जातो. पुस्तकाला एक लेखक, थोडा कागद आणि काही हजार वाचक पुरतात. त्यामुळे मालिकेचा दिवा विझल्यावरही त्याचा उजेड काही काळ पुस्तकात रेंगाळतो.

‘एंजल’च्या कादंबऱ्या पॉकेट बुक्सने काढल्या. १९९९ साली नॅन्सी होल्डर यांनी पहिल्याच भागाचे कादंबरीकरण केले आणि पुढे २००४ पर्यंत वीसहून अधिक पुस्तके निघाली. त्यांतील बहुतेक स्वतंत्र कथानकांची होती. होल्डर यांची ‘नॉट फरगॉटन’, जेफ मेरिअट यांची ‘क्लोज टू द ग्राउंड’ आणि ‘हॉलिवुड नॉयर’, टॉमस स्निगोस्की यांची ‘सोल ट्रेड’ ही त्यांपैकी काही. मेरिअट हे सॅन डिएगो येथील रहस्यकथा-विज्ञानकथांना वाहिलेल्या एका ग्रंथविक्री केंद्राचे भागीदारही होते. वाचकाच्या हाती पुस्तक कसे पडते, हे त्यांनी गल्ल्याच्या आतील बाजूने पाहिले होते.

हे लेखन घडते कसे, हे जाणून घेतल्याखेरीज त्याचे मोल करता येत नाही. पात्रे, त्यांची नावे, त्यांचा पूर्वेतिहास यांची मालकी चित्रसंस्थेची असते. प्रकाशक ठरावीक मुदतीचा परवाना घेतो. लेखक प्रथम आराखडा सादर करतो. तो मालकाकडून मंजूर व्हावा लागतो. मग हस्तलिखितही तपासले जाते. मुदत थोड्या महिन्यांची असते. नायकाला मारता येत नाही, त्याचे लग्न लावता येत नाही, त्याचे गुपित फोडता येत नाही. कादंबरीच्या शेवटी तो आरंभी होता तसा, जागच्या जागी परत ठेवावा लागतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. आत हक्काच्या पानावर मात्र चित्रसंस्थेचे. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे, तर लेखक हा कूळ आहे. नांगर त्याचा, घाम त्याचा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

या पद्धतीची एक गमतीदार पण बोलकी परिणती ‘एंजल’मध्ये दिसते. नायकाचा साथीदार डॉयल हे पात्र नवव्या भागात, १९९९ च्या अखेरीस, मरण पावते. परंतु २००० साली निघालेल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तो जिवंत आहे, बोलतो आहे, विनोद करतो आहे. कारण त्या कथांचा काळ त्याच्या मृत्यूच्या आधीचा धरलेला आहे. पडद्यावर ज्याला नऊच भाग मिळाले, त्याला पुस्तकांनी अनेक रात्री बहाल केल्या. प्रकाशनाच्या वेळापत्रकाने केलेले हे उपकार म्हणावेत! पण त्या पात्रावर जीव जडलेल्या वाचकाला कारणाशी कर्तव्य नव्हते.

कुळाची ही स्थिती अधिक स्पष्ट व्हावी म्हणून एक उलटे उदाहरण पाहण्यासारखे आहे. टान्या हफ या कॅनेडियन लेखिकेची ‘ब्लड प्राइस’ ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. टोरांटोमधील माजी पोलीस अधिकारी व्हिकी नेल्सन आणि इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा अनौरस पुत्र हेन्री फिट्झरॉय ही तिची जोडी. हेन्री व्हँपायर आहे आणि ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहून आपला चरितार्थ चालवतो! १९९७ पर्यंत या मालेत पाच कादंबऱ्या झाल्या आणि २००७ साली त्यांवर ‘ब्लड टाइज’ ही मालिका निघाली. येथे जमीन लेखिकेची आणि दूरचित्रवाणी कूळ. परिणाम काय झाला? चौथ्या कादंबरीच्या शेवटी हफ यांनी आपल्या नायिकेलाच व्हँपायर केले. सर्व डाव पालटण्याचे हे स्वातंत्र्य मालिकाश्रित लेखकाला कधीही मिळत नाही. दोन्ही प्रकारच्या पुस्तकांची तुलना करताना हा भेद विसरणे अन्यायाचे ठरेल.

मग बांधलेल्या हातांनी हा लेखक काय साधतो? त्याला अंगण मोजून मिळालेले असते. खोली मात्र हवी तेवढी खणता येते. ‘फॉरएव्हर नाइट’च्या भागांत चालू गुन्ह्याला समांतर असा नायकाच्या गत शतकांतील एखादा प्रसंग दाखवण्याची रीत होती. पण दूरचित्रवाणीच्या घड्याळात आणि खर्चाच्या मर्यादेत तो प्रसंग काही मिनिटांत आटोपावा लागे. कादंबरीला प्राचीन रोम उभारण्यासाठी सुतार लागत नाही, शेकडो घोडे भाड्याने आणावे लागत नाहीत. शिवाय पडद्यावर नटाचा चेहरा दिसतो. त्यामागे काय चालले आहे ते तर्काने जाणावे लागते. शतकानुशतकांची स्मृती वागवणाऱ्या पुरुषाच्या मनात एखादी साधी वस्तू पाहून काय काय जागे होते, हे गद्यच सांगू शकते. एंजलचे प्रतिबिंब आरशात उमटत नाही. अशा माणसाला आपले रूप दिसण्याचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले शब्द.

याचा अर्थ ही सर्व पुस्तके उत्तम आहेत असा नाही. घाईने लिहिलेली, संवादांनी फुगवलेली, मालिका न पाहिलेल्याला कळू नयेत अशी पुस्तके यांत पुष्कळ आहेत. पात्राचे वर्णन करण्याऐवजी नटाचे छायाचित्र वाचकाच्या डोळ्यांपुढे आहेच, असे गृहीत धरून चालणारा लेखक आपले निम्मे काम उसनवारीवर भागवतो. हे दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु घाई, ठोकळेबाजपणा आणि उसनवारी हे दोष कोणत्या लोकप्रिय वाङ्मयात नाहीत? या लेखकांनाही आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा राखाविशी वाटली. त्यांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि २००७ पासून ‘स्क्राइब’ नावाचे पुरस्कार देण्यास आरंभ केला. इतर कोणी पाट मांडत नाही, तेव्हा माणसे आपली पंगत आपणच बसवतात.

आता मूळ मुद्द्याकडे यावयाचे. पाश्चात्त्य लोकसमजुतीत व्हँपायरविषयी एक नियम आहे. घरातल्या माणसाने ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. स्टोकर यांच्या कादंबरीत तो आहे आणि ‘एंजल’मध्येही आहे. गुप्तहेराच्या धंद्यात ही केवढी अडचण! आत कोणी संकटात आहे हे दिसत असूनही हा दाराशी खोळंबून उभा राहतो. मालिकाश्रित कादंबरीचा लेखकही असाच. मालकाने ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला कथेत पाऊल टाकता येत नाही. आणि हे पुस्तक लिहून झाल्यावर तेही ग्रंथालयाच्या दाराशी येऊन असेच उभे राहते. ‘या’ म्हणणारे कोणी आहे का, याची वाट पाहत.

हे निमंत्रण द्यावे, असे म्हणण्यास एक व्यावहारिक कारण आहे. परवान्याची मुदत संपली की प्रकाशकाला असे पुस्तक पुन्हा छापता येत नाही. ‘एंजल’ची कथा २००७ पासून चित्रकथांच्या रूपाने पुढे चालली, तीही निराळ्या प्रकाशकाकडून, आणि २०१९ मध्ये मूळ चित्रसंस्थेचा मोठा भाग डिस्नेच्या ताब्यात गेला. या देवाणघेवाणीत जुन्या कादंबऱ्यांची आठवण ठेवण्याची कोणावर सक्ती नसते. अभिजात ग्रंथाची नवी आवृत्ती कोणीतरी काढतोच. मालिकाश्रित कादंबरी मात्र एकदा रद्दीत गेली की गेली. तिच्यामागे लेखकाचा वारस उभा राहू शकत नाही, कारण सातबारा त्याच्या नावावर नाही. ज्या पुस्तकाला बाजारात दुसरा जन्म नाही, त्याला ग्रंथालयाखेरीज आसरा कोणता?

आपल्या घरचे उदाहरण याहून निराळे नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू यांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर सांगितली जाते. ग्रंथालयांच्या आणि फिरत्या वाचनालयांच्या बळावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील मराठी वस्त्यांत, जेथे मुलांची शाळा दुसऱ्या भाषेत आणि व्यवहार तिसऱ्या भाषेत, तेथे मराठी अक्षरावर डोळा स्थिर करण्याचे काम अशा पुस्तकांनी निमूटपणे केले. गंभीर ग्रंथाकडे जाणारी वाट पुष्कळदा काळ्या पहाडावरूनच जात असे. आणि आज ती पुस्तके मिळवायची म्हटली तर? जी सर्वांत अधिक वाचली गेली, तीच सर्वांत आधी झिजली, फाटली आणि नोंदवहीतून बाद झाली. न वाचलेले ग्रंथ करकरीत राहिले. वाचलेले नाहीसे झाले. वाचनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती अशाने अपुरा पुरावा उरतो.

यावर आक्षेप येईल की ग्रंथालयाची जागा तोकडी, वर्गणी तुटपुंजी, अनुदान अनिश्चित. सगळेच जपायचे म्हटले तर जपणार किती? आक्षेप रास्त आहे. सगळे जपावे असे कोणी म्हणत नाही. परंतु तीन गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. पहिली, लोकप्रिय पुस्तकांची बाद करायची यादी तयार होईल तेव्हा प्रत्येक लेखकाचे, प्रत्येक मालेचे निदान एक पुस्तक राखीव ठेवावे. शक्य तर देवघेवीच्या खुणांसह ठेवावे, कारण मागील पानावरील तारखांचे शिक्के हीसुद्धा वाचकांची बखर आहे. दुसरी, सूचीपत्रात अशा पुस्तकाची नोंद नायकाच्या किंवा मालिकेच्या नावावर न थांबवता लेखकाच्या खऱ्या नावावर करावी. ‘मेरिलिन रॉस’च्या नोंदीपाशी डॅन रॉसचे नाव लिहिणे हा त्या माणसाला मिळू शकणारा एवढाच सातबारा आहे. तिसरी, परिसरातील ग्रंथालयांनी हे ओझे वाटून घ्यावे. एकाने रहस्यकथा जपाव्यात, दुसऱ्याने भयकथा, तिसऱ्याने नाटकांची पुस्तके.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दुहेरी अपेक्षा आहे. पहिली अपेक्षा आपण नेहमी बोलून दाखवतो. दुसरीचा विसर पडतो. पुस्तकाच्या बाजूने विचार करणारी दुनियेत एकच संस्था आहे आणि ती ग्रंथालय होय. विक्रेता खपाचा विचार करतो, समीक्षक श्रेष्ठतेचा करतो, मालक हक्कांचा करतो. ग्रंथपाल मात्र कपाटाशी उभा राहून, याला कधीतरी कोणी मागायला येईल, असा विचार करतो. हा विश्वास हेच शंभर वर्षांचे खरे भांडवल आहे.

टोरांटोच्या रात्रपाळीवरील तो सरदार आपले मनुष्यत्व परत मिळावे म्हणून झटला. त्याच्या लेखकांना त्याहून थोडे हवे होते. कोणीतरी दार उघडावे आणि आत बोलवावे, इतकेच. या ग्रंथालयाचे दार शंभर वर्षे उघडे राहिले आहे. पुढील शतकात ते जितके वाचकांसाठी, तितकेच पायरीवर ताटकळलेल्या पुस्तकांसाठीही उघडे राहो, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.